काजव्याचा वाटा

सिस्टर कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हात धुवायची. साबणाने, कोपरापर्यंत. मग पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढून बटणं पुसायची, माऊस पुसायची आणि खुर्चीत ताठ बसायची. छातीवर पिनेने अडकवलेलं घड्याळ उचलून बघायची. नोकरी संपून दीड वर्ष झालं होतं, तरी घड्याळ तिथंच. मग म्हणायची, "हं. पुढचा."

हा "पुढचा" म्हणजे राक्षस.

मी हे सगळं उंबऱ्यात बसून बघायचे. आमच्या महाडच्या घराची पुढची खोली माझ्या सुनेने, मंगलने, नेट कॅफेसाठी घेतली होती. सहा कॉम्प्युटर, प्लायवूडचे सहा खण, एक पंखा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती. पण भिजवलेले वाल सोलायला रोज दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात माणसं कळतात. एमआयडीसीतले लोक शिफ्ट सुटली की यायचे. कॉलेजची मुलं रिझल्ट बघायला यायची आणि भलतंच बघून जायची. आणि चार वाजता सिस्टर यायची.

तिचं नाव इंदुमती होतं, गाव कुडपण. नाव कोणी घेत नसे. चौतीस वर्षांच्या नर्सच्या नोकरीत पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्या तिने पायी तुडवल्या आणि शेवटची काही वर्षं महाडला दवाखान्यात काढली. मंगलच्या दोन्ही बाळंतपणांना हीच होती. मायाळू वगैरे मुळीच नव्हती. कळा देणाऱ्या बाईला म्हणायची, "ओरडू नको. ती ताकद खाली लाव." हळदीकुंकवाला कोणाकडे जायची नाही, कोणाला बोलवायची नाही. चहा बशीत ओतून आवाज करून प्यायची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "घोरायचा."

पहिल्यांदा आली ती पेन्शनच्या कसल्या फॉर्मसाठी. शेजारच्या खणात कारखान्यातला एक इंजिनिअर खेळत होता. त्याच्या पडद्यावर दहाबारा माणसं एका अस्वलाला भिडली होती. सिस्टर फॉर्म विसरून त्याच्या पाठीमागे उभी राहिली. दहा मिनिटांनी त्याच्या खांद्यावर बोट टोचून म्हणाली, "अहो, तो डावीकडचा मरतोय. आधी त्याला बघा ना."

इंजिनिअरने बघितलं. खरंच मरत होता.

"ही सगळी खोटी माणसं?" तिने विचारलं.

"माणसं खरी आहेत, सिस्टर. हा नागपूरला बसलाय, हा पुण्यात. आपापल्या कॉम्प्युटरवरून सगळे एकाच रानात येतात."

दुसऱ्या दिवशी चारला आली आणि मंगलला म्हणाली, "मला ते रान शिकव."

त्या खेळात आधी आपलं माणूस निवडावं लागतं. कोणी ढाल घेतो, कोणी धनुष्य, कोणी मंत्र घालून जखमी माणसांना बरं करतो. मंगलने न विचारता बरं करणारी बाई काढली, पांढऱ्या झग्यातली. सिस्टर भडकली. "चौतीस वर्षं तेच केलं गो मी! आता मला कुऱ्हाड दे."

कुऱ्हाडवाली बाई घेतली. तीन दिवस टिकली. रानात गेली की मागे चारपाच गडी लागायचे. कोणी न मागता अंगठ्या द्यायचा. कोणी विचारायचा, "कहाँ से हो? फोटो भेजो." ती कुऱ्हाड उचलायच्या आधीच कोणीतरी मध्ये पडून तिचं जनावर मारून टाकायचा आणि वर "काळजी करू नको, मी आहे" असं लिहायचा. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "मी एकटी रात्रीबेरात्री डोंगर उतरलेय, मला कोणी एवढा त्रास दिला नव्हता. पूस ही बाई." आणि एक गडी बनवला. जाड मिशा, रुंद खांदे, हातात कुऱ्हाड. नाव ठेवलं भिवा.

भिवा हे तिच्या वडिलांचं नाव.

तेव्हापासून ती तिथं भिवा भाई झाली. वर्षभरात तिच्या हाताखाली वीसबावीस जणांची टोळी जमली. नागपूर, पुणे, इंदूर, कुठले कुठले. एकमेकांना कोणी बघितलेलं नाही. त्यांच्यात बोलायचं ते टाइप करून, इंग्रजी अक्षरांत मराठी, हिंदी. म्हणून भिवा भाई बाई आहे हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. मला ते वाचता येत नसे. मंगल वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

त्यात तिला काय आवडायचं, हे मी एकदा सरळ विचारलं. म्हणाली, "वैनी, कुडपणला शिकारीला बायांना नेत नसत. गडी हाका घालून जनावर उठवायला जायचे, आम्ही पोरी खळ्यात पानं मांडून बसायचो. जनावर आलं की बघायचं. मारताना कधी बघितलंच नाय. आता बघतेय."

"आणि तिथं आपण मेलो की काय वाटतं?"

"मेलं की परत उठता येतं हो. दवाखान्यात असं कुठं होतं?"

आवडत नव्हतं तेही पुष्कळ होतं, आणि ते ती जास्त बोलायची. एक म्हणजे बिगारी. दोनशे रानडुकरं मारून दोनशे सुळे आणले की एक पट्टा मिळायचा. "माझ्या बाबांनी अख्ख्या जन्मात अकरा मारलेली बघितली. हे दोनशे मागतात! पट्ट्याला!" तरी मारायची. तोंडाने शिव्या देत, वही पुढ्यात ठेवून, इंजेक्शनं मोजावीत तशी डुकरं मोजत. दुसरं म्हणजे ऐन लढाईत न सांगता पळणारे. तिसरं म्हणजे घाण बोलणारे. त्यांना ती एकच उत्तर टाइप करायची, "तोंड धुवून ये." आणि चौथे ते, ज्यांनी खरे पैसे मोजून तलवारी विकत घेतलेल्या असायच्या. त्यांच्याबद्दल म्हणायची, "डिग्री विकत घेतलेला डॉक्टर असतो ना, तसा हा. सुई धरता येत नाय."

टोळीत तिला एकच माणूस मनापासून पसंत होता. त्याचं तिथलं नाव काजवा. तो बरं करणारा होता. बोलायचा जवळजवळ नाहीच. पण लढाईत आधी कोणाकडे बघायचं हे त्याला बरोबर कळायचं. "जो ओरडतोय तो जगतो. गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. हे याला कोणी शिकवलं?" असं ती मला विचारायची, जसं काही मला माहीत असणार.

त्या खेळात एका गुहेत अजगर होता. त्याला मारायला बारा जण लागायचे आणि तरी तो मरायचा नाही. सिस्टरच्या टोळीने तीन महिने धडका मारल्या. अडचण अजगराची नव्हती, लाइटची होती. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी सहाला लोडशेडिंग. अजगर अर्धा झाला की महाड अंधारात. मंगलचा इन्व्हर्टर दहा मिनिटं चालायचा, तो पंख्यातच जायचा. सिस्टर वायरमनकडे गेली. त्याची दोन्ही मुलं तिच्याच हातची.

"सिस्टर, काय पण सांगा, पण लाइट माझ्या हातात नाय हो. वरनंच जाते. घरी पेशंट हाय का कोण?"

"अजगर हाय," म्हणाली आणि परत आली. मग तिने टोळीला हुकूम सोडला. सव्वाचारला जमायचं, साडेपाचला अजगर मेलाच पाहिजे. नागपूर, पुणे, इंदूरची माणसं महाडच्या लोडशेडिंगवर चालायला लागली. लाइटची वेळ बदलली की ती सगळ्यांना कळवायची. एकाने म्हणे साहेबाकडून रोज लवकर सुटायची परवानगी काढली होती, आजारी मामाचं नाव सांगून.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी अजगर मेला. सहाला दहा कमी होते. सिस्टर खुर्चीतून उठली नाही, ओरडली नाही. घड्याळ उचलून बघितलं आणि बाळ जन्मल्याची वेळ सांगावी तशी वेळ सांगितली. मंगलने टाळ्या वाजवल्या. मीही वालाचं ताट बाजूला ठेवून बघायला गेले.

अजगराच्या पोटातून वस्तू पडल्या. त्यात एक पांढरी काठी होती. बरं करणाऱ्याची. त्या खेळातल्या माणसांना ती इतकी मोलाची की लोक सहासहा महिने तिच्या मागे असत. वस्तू वाटायचं काम भिवा भाईचं. तिने कुऱ्हाडवाल्याला चिलखत दिलं, धनुष्यवाल्याला अंगठी, सगळ्यांचं केलं. काठी स्वतःच्या पोतडीत ठेवली.

इंदूरचा एक शेर नावाचा होता. त्याने लगेच विचारलं, "भाई, लाठी किधर गई?"

"काजव्याची आहे. राखून ठेवली."

काजवा त्या दिवशी नव्हता. तीन महिन्यांच्या प्रत्येक धडकेला होता, आणि नेमका शेवटच्या आठवड्यात दिसेनासा झाला होता. त्याच्या जागी शेरचा मित्र बरं करायला आला होता. मित्राला काठी हवी होती. त्या खेळात रीत अशी की जो हजर त्याला वस्तू. सिस्टरला ती रीत माहीत होती की नव्हती कोण जाणे. तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता, म्हणून तिने आधी कोणाला काही सांगितलं नव्हतं. आपल्याला जे लहानपणापासून माहीत असतं ते सगळ्यांनाच माहीत आहे असं आपण धरून चालतो.

एक आठवडा गेला. पंधरा दिवस गेले. काजवा आला नाही. तिथं नाव तेवढं माहीत, गाव नाही, फोन नाही. कोणाला शोधायचं? महिना झाल्यावर शेरने सगळ्यांसमोर लिहिलं की भिवाने काठी बाहेर विकली असणार, काजवा फक्त बहाणा आहे. मंगलने वाचून दाखवलं. शेवटचा शब्द तिने वाचला नाही, पण मला तो कळला. चोर हा शब्द कुठल्याही अक्षरांत चोरासारखाच दिसतो.

टोळीतले निम्मे निघून गेले.

आता माझं सांगते. त्याच दिवसांत एमआयडीसीतला एक माणूस कॅफेत सिस्टरच्या शेजारी येऊन बसला होता. काठी विकत मागत होता, खऱ्या पैशांनी. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी आत कुकर उतरवत होते. पण तो जाताना हसत गेला हे मी बघितलं. म्हणून मी सिस्टरला विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही.

"सिस्टर, खरं सांगा. ती काठी विकली काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. बोळा काढून, पुसलेलीच बटणं परत पुसली. आठ दिवस माझ्या घरचा चहा प्यायली नाही.

नवव्या दिवशी स्वतःच उंबऱ्यात येऊन माझ्या शेजारी बसली. ताटातले मूठभर वाल घेतले आणि सोलायला लागली. चांगले सोलायची, डाळिंबी मोडायची नाही.

"वैनी, तो हसला कारण मी त्याला विचारलं, सकाळी पोट साफ होतं का. नाय म्हणाला. मी एरंडेल सांगितलं. काठीचं विचारायचं राहूनच गेलं त्याचं."

मी वालाचं ताट तिच्याकडे सरकवलं.

मग तिने भिवाचं सांगितलं, खऱ्या भिवाचं. कुडपणला शिकारीचे वाटे तिचे बाबा घालायचे. त्यांच्या हातात बंदूक नसायची, फक्त कोयता. पळसाची पानं मांडायची. ज्याची गोळी लागली त्याचा वाटा, हाका घातलेल्यांचे वाटे, कुत्र्यांचा, देवाचा. "पण सगळ्यांच्या आधी काढायचा तो न आलेल्याचा. कोणीतरी आठ दिवस माग काढतो आणि नेमका त्या दिवशी तापाने पडतो. त्याचा वाटा आधी. बाबा म्हणायचे, आलेला आपल्या तोंडाने मागून घेतो. न आलेल्याचं तोंड तिथं नसतं."

"मग?"

"मग एकदा एकाने पानावरचे तुकडे मोजले. म्हणाला, काळजातले दोन कमी हायत, भिवाने लपवले. बाबांनी कोयता खाली ठेवला, उठले, हात धुतले. परत कधी बसले नायत. दुसऱ्याने कोणी घातलेले वाटे लोकांना पटेनात. दोन वर्षांत गावची शिकार मोडली. जो तो एकेकटा जायला लागला. चुलत्याने पुतण्याला वाटा पाठवणं बंद केलं."

"ते तुकडे?"

"कुत्र्याने नेले होते. मी बघितलं होतं. आठ वर्षांची होते मी, माझं कोण ऐकतं?" तिने सोललेले वाल माझ्या ताटात टाकले. "बाबा खरे होते हो. पण उठले ते चुकले. मी नाय उठणार."

आणि ती बसली. म्हणजे तिचा तो मिशीवाला भिवा अजगराच्या गुहेच्या तोंडाशी जाऊन बसला. रोज चार ते सहा. लढाई नाही, डुकरं नाहीत, काही नाही. तिथून येणारे जाणारे काहीबाही लिहून जायचे. शेर तर रोज यायचा, एक शब्द लिहायचा आणि जायचा. सिस्टर उत्तर द्यायची नाही. खुर्चीत ताठ, मांडीवर हात. मंगल एकदा म्हणाली, "सिस्टर, सोडा ना. खोटी काठी ती. दुसऱ्या कुठल्या खेळात जाऊ."

"काठी खोटी हाय. चोर शब्द खोटा हाय का?"

मंगल गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला गेली.

मला आता काळजी लागली होती. साठीला आलेली बाई, महाडात मागे पुढे कोणी नाही, दोन तास एका चित्रासमोर बसून शिव्या खाते. तिचा रक्तदाब ती स्वतःच मोजायची आणि आकडा सांगायची नाही. काजवा नाही आला तर ही कुठवर बसणार? त्याने तो खेळच सोडला असेल तर? माणसं सोडतातच. मंगल सांगायची, एक दिवस येत नाहीत आणि मग कधीच येत नाहीत, कोणाला पत्ता लागत नाही. मी देवाला काही मागत नाही सहसा. तेव्हा मागितलं, की बाबा, तो काजवा का कोण आहे त्याला एकदा तरी धाड.

पावसाळा अर्धा गेला. सावित्रीला दोनदा पाणी चढलं, उतरलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एके दिवशी साडेपाचच्या सुमाराला मंगलने आतून हाक मारली, "आई! आला!"

मी ताटासकट धावले. वाल सांडले.

पडद्यावर पांढऱ्या झग्यातला एक किरकोळ माणूस भिवासमोर उभा होता. अक्षरं उमटत होती, फार हळू. मंगल वाचत होती. "भिवा भाई, माफ करा. गाडीवरून पडलो. उजवा हात मोडला. घरच्यांनी कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता. एका हाताने टाइप करतोय."

एवढे दिवस जिची वाट बघितली ती गोष्ट समोर उभी, आणि सिस्टरने काय लिहावं? काठीचं एक अक्षर नाही. धडाधड लिहिलं, "प्लास्टर कधी काढलं? बोटं हलतात का? सूज आहे का? मूठ वळून बघ. रबरी चेंडू घे, दिवसातून तीनदा दाब."

तिकडून आलं, "भाई, तुम्ही डॉक्टर आहात?"

सिस्टरचे हात बटणांवर थांबले. मंगलने माझ्याकडे बघितलं. वर्षभर सांभाळलेल्या मिशा. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारणार. तिने घड्याळ बघितलं. सहाला वीस कमी होते.

"सिस्टर आहे," तिने लिहिलं. "रिटायर. वय एकोणसाठ. तुझी काठी घे आधी, लाइट जाईल."

तोवर टोळीतले उरलेले जमले होते. शेरही त्याच्या रोजच्या वेळेला आला होता, त्याचा रोजचा शब्द लिहायला. सगळ्यांसमोर भिवाने पोतडीतून काठी काढली आणि काजव्याच्या हातात दिली. काठीला उजेड होता. काजवा ती घेऊन नुसता उभा राहिला.

शेरचा शब्द आलाच नाही. बऱ्याच वेळाने मंगलने वाचलं, "भाई... मतलब दीदी... गलती हो गई."

सिस्टरने उत्तर लिहिलं, आणि ते मंगलने मला दोनदा वाचून दाखवलं, कारण मला ते पुन्हा ऐकायचं होतं. "दीदी नको. भिवाच म्हण. पुढच्या वेळी न आलेल्याचा वाटा आधी निघणार. ज्याला पटत नाही त्याने आत्ताच सांगावं."

कोणी काही सांगितलं नाही. लाइट गेली.

अंधारात सिस्टरने मोठा श्वास सोडला. तिच्या खुर्चीचा कर्र असा आवाज झाला. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण तिची पाठ खुर्चीला टेकलेली त्या दिवशी पहिल्यांदा. मलाही छातीवरचा पाटा उचलल्यासारखं झालं. मी म्हटलं, "चहा टाकते."

"साखर जास्त टाका," ती म्हणाली. "आणि वैनी, मोजू नका."

त्यानंतर टोळी परत भरली. कोणी तिला अंगठ्या पाठवल्या नाहीत की फोटो मागितले नाहीत. फक्त लढाईच्या आधी लोक आपापली दुखणी विचारायला लागले. कोणाची बायको गरोदर, कोणाला मूळव्याध. सिस्टर चिडायची आणि सगळ्यांना उत्तरं द्यायची.

पुढच्या वर्षी तो खेळच बंद झाला. चालवणाऱ्या कंपनीला परवडेना म्हणे. शेवटच्या दिवशी सगळे गुहेपाशी जमले. दुसऱ्या दिवशी जे राहणारच नव्हतं त्या सगळ्याचे भिवाने वाटे घातले. तलवारी, पट्टे, सुळे. जे सोडून गेले आणि परत आले नाहीत त्यांचेही काढून जमिनीवर मांडले. मी म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. ती म्हणाली, "हाय." मग पडदा काळा झाला. मला वाटलं होतं, रडेल. तिने बटणं पुसली, बोळा टाकला आणि म्हणाली, "सुटले बाई त्या डुकरांतून." आणि खरंच सुटल्यासारखी दिसत होती. महिन्याभरात महाडची खोली सोडली आणि पुढे कुडपणला भावाच्या शेजारी घर बांधून राहिली.

मी तिला शेवटचं बघितलं ते पोलादपूरच्या स्टँडवर. मी माहेरच्या एका लग्नाला चालले होते. मे महिना होता. झाडाखाली सिस्टर बसली होती, पुढ्यात अख्खा फणस, हाताला तेल, हातात कोयता, भोवती कुडपणच्या गाडीची वाट बघणारी माणसं. केस पांढरे झाले होते. छातीवर घड्याळ होतंच. गरे काढून पानांवर मांडत होती.

एक म्हातारा म्हणाला, "अगो, त्या कडेच्या पानावर कोण नाय. ते मला दे की."

"कंडक्टरचं हाय ते. नोंद करायला गेलाय."

"त्याला काय म्हाईत?"

"मला म्हाईत हाय ना."

मला बघून ती हसली नाही, पण कोयता हलवला. "वैनी, थांबा, वाटा घेऊन जा."

मी म्हटलं, आलेच, आधी तिकडे माझ्या गाडीचं विचारून येते. खिडकीवर रांग होती. माणूस सुट्ट्यासाठी भांडत होता. परत आले तोवर कुडपणची गाडी वळणावर गेली होती. मागच्या काचेत एक पांढरं डोकं ताठ बसलेलं दिसलं, तेवढंच.

झाडाखाली चहावाला होता. त्याने फळीखालून एक पान काढलं, वरून दुसरं पान झाकलेलं. "महाडच्या वैनी तुम्हीच ना? सिस्टरनी ठेवलाय. म्हणाल्या, येतील त्या."

मी पान उघडलं. गरे होते, बऱ्यापैकी मोठे. किती होते ते मी मोजले नाहीत.